अठराशे बावीस क्विंटल

धुळे जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये काटापट्टीवरून शेतकऱ्यांच्या पावत्या काढायचं काम मी लिहिलेला एक छोटा प्रोग्राम करतो. तो नवा होता तेव्हाची गोष्ट. दिवाळी नुकतीच उलटली होती, फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरांची रांग लागली होती, आणि दिवाणजींचा फोन आला, "सर, जरा येऊन जाता का? एका भाऊची पावती पाहून घ्या." मी गेलो. स्क्रीनवर शेतकऱ्याचं नाव, पुढे वजनाच्या रकान्यात १८२२ क्विंटल, आणि खाली रक्कम एक कोटी सत्तावीस लाख चोपन्न हजार रुपये. पावतीचा धनी शेजारच्या बाकावर चहा पीत बसला होता. त्यानं त्या दिवशी दोन खेपा केल्या होत्या, सकाळी १८ क्विंटल आणि दुपारी २२. दिवाणजींनी चष्मा कपाळावर चढवला. "सर, इतला कापूस आपला गावमा बी पिकस नही."

चूक सापडायला पाच मिनिटं लागली. वजनकाट्याच्या यंत्राकडून येणारं वजन माझ्या प्रोग्रामच्या हाती आकडा म्हणून पडत नव्हतं, अक्षरं म्हणून पडत होतं. प्रोग्राम जावास्क्रिप्टमध्ये होता. जावास्क्रिप्टमध्ये अधिकचं चिन्ह दोन आकड्यांमध्ये आलं तर बेरीज होते आणि दोन अक्षरमाळांमध्ये आलं तर जोड होते. म्हणून तिनं १८ च्या शेपटीला २२ बांधले. पुढच्याच ओळीत भावानं गुणायचं होतं, भाव सात हजार. अक्षरांचा गुणाकार होत नाही, तेव्हा तीच अक्षरं तिनं निमूटपणे आकडा मानली आणि गुणून टाकली. एका ओळीत अक्षरं, दुसऱ्या ओळीत आकडा, आणि मध्ये चकार शब्द नाही. तोवर एका माणसाची दिवसाला एकच खेप येत होती. बेरजेची वेळच आली नव्हती, म्हणून कोणाला काही कळलं नाही.

संध्याकाळी पुण्यात नोकरीला असलेल्या एका मित्राला हे हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "स्क्रिप्टिंग लँग्वेजमध्ये पैशाचा हिशेब लिहिलास, मग दुसरं काय होणार? खरी लँग्वेज घ्यायची."

ते "खरी" माझ्या डोक्यात राहिलं. संगणकाच्या जगात ही वर्णव्यवस्था जुनी आहे. एका बाजूला सी, सी प्लस प्लस, जावा, या "प्रोग्रामिंग" भाषा. दुसऱ्या बाजूला शेल, पर्ल, पीएचपी, जावास्क्रिप्ट, पायथॉन, या "स्क्रिप्टिंग" भाषा. पहिल्या पंक्तीतले लोक दुसऱ्या पंक्तीकडे जेवणावळीतल्या वाढप्यांकडे पाहावं तसं पाहतात. काम त्यांच्यावाचून अडतं, पण पाटावर त्यांना जागा नाही. माझं म्हणणं असं की हा भेद भाषेच्या अंगात नाही. कामाचा आणि काम करणाऱ्याचा मान ठरवणारा तो भेद आहे, आणि आपण तो भाषेच्या कपाळी लावला आहे. भाषांमध्ये फरक नाहीत असं मी म्हणत नाही. फरक आहेत आणि चांगले ठसठशीत आहेत. पण ते या दोन पंक्तींच्या मधल्या रेघेवर बसत नाहीत.

आधी मित्राचं म्हणणंच तपासून पाहू. तेच १८ आणि तेच २२, अक्षरांच्या रूपात, जावाला दिले तर? जावासुद्धा अधिकच्या चिन्हावर त्यांना जोडून १८२२ करते, अगदी जावास्क्रिप्टसारखंच. फरक पुढच्या ओळीत पडतो. अक्षरांना गुणायला सांगितलं की जावा प्रोग्राम चालूच करू देत नाही. कंपायलर तिथंच हात धरतो. आता पायथॉन घ्या, जी माझ्या मित्राच्या हिशेबानं दुसऱ्या पंक्तीतली. पायथॉनही जोडून १८२२ करते, पण अक्षरमाळेला अक्षरमाळेनं गुणायला सांगितलं की चालता चालता थांबते आणि कुठल्या ओळीवर काय बिनसलं ते सांगते. म्हणजे या एका प्रसंगात पायथॉनचं वागणं जावास्क्रिप्टपेक्षा जावाच्या जवळचं. आणि सी? अस्सल, खानदानी सी? दहा शेतकऱ्यांची वजनं ठेवायला दहा खणांची जागा मागा आणि अकराव्या खणात वजन लिहा. पायथॉन ताबडतोब तक्रार करते, जावाही करते. सी बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. शेजारच्या जागेत जे काही असेल त्यावर ती अकरावं वजन लिहून मोकळी होते, आणि महिन्याभरानं तिसऱ्याच कुणाची पावती बिघडते. शिस्तीच्या निकषावर पंक्ती मांडायची तर सीला पानावरून उठवावं लागेल.

मग लोक दुसरा निकष पुढे करतात, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तर तोच छापील उत्तरासारखा येतो: कंपाइल होते ती प्रोग्रामिंग भाषा, ओळ ओळ वाचून चालवली जाते ती स्क्रिप्टिंग. हे ऐकलं की मी विद्यार्थ्यांना एक गोष्ट करायला सांगतो. पायथॉनची एक फाइल लिहा, दुसऱ्या फाइलमधून ती आयात करा, चालवा, आणि मग फोल्डर उघडून बघा. तिथं पायकॅश नावाचं एक नवं फोल्डर आलेलं असतं आणि त्यात पीवायसी शेपटीची एक फाइल. ती तुमच्या प्रोग्रामची भाषांतरित प्रत, बाइटकोड. पायथॉननं तुम्हाला न विचारता कंपाइल केलं. जावासुद्धा बाइटकोडच करते. फरक एवढाच की जावा ती पायरी तुमच्याकडून करवून घेते आणि पायथॉन चुलीमागे उरकते. २०१८ साली आलेल्या जावा ११ पासून तर जावानंही एकट्या फाइलला ती पायरी गाळून थेट चालवायची सोय दिली. मग त्या वर्षी जावा स्क्रिप्टिंग भाषा झाली का? २००८ मध्ये गूगलच्या क्रोम ब्राउझरबरोबर व्ही-८ हे इंजिन आलं. ते तेव्हा जावास्क्रिप्टचं चालू असतानाच थेट यंत्रभाषेत रूपांतर करत असे. त्या दिवशी जावास्क्रिप्टची जात बदलली का? उलट बाजूनं, १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ यांनी केलेली मूळ बेसिक भाषा, जिला सगळे ओळ ओळ चालणाऱ्या भाषांची आई समजतात, ती कंपाइल होत असे. ओळ ओळ वाचणारी बेसिक नंतरच्या छोट्या यंत्रांवर रूढ झाली, कारण त्या यंत्रांत जागाच तेवढी होती. तेव्हा कंपाइल होणं न होणं हे भाषेच्या अंमलबजावणीचं लक्षण. भाषा तीच राहते आणि हे लक्षण बदलत जातं. हा निकष इथंच सोडून देऊ, त्यात फार दम नाही.

दम आहे तो शब्दाच्या इतिहासात. १९६३-६४ च्या सुमारास एमआयटीत लुई पूझँ नावाच्या फ्रेंच गृहस्थानं रनकॉम नावाची सोय लिहिली. रोज रोज टंकाव्या लागणाऱ्या आज्ञा एका फाइलमध्ये लिहून ठेवायच्या आणि एकदम चालवायच्या. "शेल" हा शब्दही त्याचाच. लिनक्सवर काम करणाऱ्यांनी नावाच्या शेवटी आरसी असलेल्या फाइली पाहिल्या असतील, ते आरसी म्हणजे रनकॉमचं उरलेलं शेपूट. संगणकातल्या स्क्रिप्टमागचं चित्र हेच: नटाच्या हातातली संहिता. नट आधीच हजर आहेत, रंगमंच आधीच उभा आहे, कोणी कधी काय म्हणायचं एवढंच कागदावर. स्क्रिप्ट लिहिणारा काही घडवत नाही, घडवलेल्यांना कामाला लावतो. या अर्थात कमीपणा नव्हता. तो आला नंतर, आणि कसा आला हे जावास्क्रिप्टच्या बारशात दिसतं. मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइकनं दहा दिवसांत तिचा पहिला नमुना केला. आधी नाव मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि वर्षअखेरीस जावास्क्रिप्ट, कारण त्या वर्षी जावाचा बोलबाला होता. कल्पना अशी की जाणकार प्रोग्रामर जावात भरीव भाग लिहितील आणि हौशी मंडळी, पानं सजवणारी मंडळी, जावास्क्रिप्टनं ते भाग जोडतील. मोठ्या भावाचं नाव लावून धाकट्याला पाठवलं. भाषा जन्माला येण्याआधीच ती कोणी वापरायची हे ठरलं होतं, आणि तिचा हुद्दा त्यावरून ठरला. पुढे ब्राउझरमधलं जावा अस्तंगत झालं आणि धाकटा घर चालवतो आहे, हे सगळ्यांसमोर आहे.

भेदाच्या बाजूनं सर्वांत चांगलं वकीलपत्र घेतलं ते जॉन ऑस्टरहाउट यांनी. टीसीएल ही भाषा त्यांची. मार्च १९९८ मध्ये त्यांनी "कॉम्प्युटर" नियतकालिकात लेख लिहून दोन जाती स्पष्ट मांडल्या: सिस्टिम प्रोग्रामिंगच्या भाषा, ज्यांत शून्यापासून भाग घडवायचे, आणि स्क्रिप्टिंगच्या भाषा, ज्यांत घडलेले भाग जोडायचे. गोंद हा त्यांचा दाखला. मी खानदेशातला, मला भुसावळचं यार्ड आठवतं. लांबच्या पल्ल्याची गाडी ओढणारं इंजिन वेगळं आणि यार्डात मागेपुढे करत डबे लावणारं शंटिंगचं इंजिन वेगळं. शंटिंगवाल्याला मुंबईपर्यंत कोणी पाठवत नाही, पण त्याच्यावाचून मुंबईची मालगाडी लागतही नाही. ऑस्टरहाउट यांचा लेख मला आजही आवडतो, कारण त्यांनी स्क्रिप्टिंगला हिणवलं नाही. उलट यंत्रं वेगवान होत जातील तसा माणसाचा वेळ महाग होईल आणि जोडकामाच्या भाषा वर येतील असं सांगितलं, आणि ते खरं ठरलं. फक्त त्यांनी इंजिनांच्या दोन जाती मानल्या, तिथं माझी गाडी अडते. इन्स्टाग्राम पायथॉनवर उभं राहिलं. फेसबुक पीएचपीत वाढलं, आणि इतकं वाढलं की पीएचपी टाकून देण्याऐवजी त्यांनी तिचं सी प्लस प्लसमध्ये रूपांतर करणारं यंत्र बनवून २०१० मध्ये जाहीर केलं. शंटिंगचं इंजिन मुंबईला गेलं आणि परतही आलं. म्हणजे इंजिनं दोन जातींची नसून कामं दोन जातींची, असंच ना?

याचं आमच्याकडचं उदाहरण संगणकाहून पुष्कळ जुनं आहे आणि ते धुळ्यातच, एकाच गावात, दोन इमारतींत ठेवलेलं आहे. एक समर्थ वाग्देवता मंदिर. शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाच्या पोथ्या आणि बाडं मठामठांतून जमवली, ती तिथं आहेत. दुसरं राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले आणि त्यांनी आयुष्यभर गावोगाव पायपीट करून जमवलेल्या कागदांसाठी पुढच्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं. पोथी बाळबोधीत असते. एकेक अक्षर सुटं, ऱ्हस्व ऱ्हस्वाच्या जागी, दीर्घ दीर्घाच्या जागी, लिहिणाऱ्यानं सावकाश बसून काढलेलं. रोजच्या कारभाराचा कागद मोडीत असतो. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला लटकवत, हात शक्य तितका कमी उचलत, अक्षरामागून अक्षर पळवत न्यायचं. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही, शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, विरामचिन्हं नाहीत. दिन की दीन, हे लिहिणारा ठरवत नाही. वाचणारा मागचापुढचा मजकूर पाहून ठरवतो.

संगणकवाल्यांच्या भाषेत याला डायनॅमिक टायपिंग म्हणतात. वस्तू कोणत्या प्रकारची आहे हे लिहिताना सांगायचं नाही, चालवताना कळेल. मोडीत लिहिणाऱ्या कारकुनाचा वेळ वाचतो आणि वाचणाऱ्याचा जातो. बाळबोधीत लिहिणाऱ्याचा जातो आणि वाचणाऱ्याचा वाचतो. जावा तुम्हाला प्रत्येक वस्तूचा प्रकार आधी लिहायला लावते, त्यात तुमचा वेळ जातो, पण चूक दारातच अडते. जावास्क्रिप्ट तुमचा वेळ वाचवते, आणि चूक दिवाणजींच्या टेबलावर उगवते. भेद करायचाच तर तो इथं करा: चूक कधी कळते, कोणाला कळते, आणि तोवर तिनं किती अंतर कापलेलं असतं. हा प्रश्न प्रत्येक भाषेला वेगवेगळा विचारता येतो आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं येतं. दोन पंक्ती मांडून ते मिळत नाही.

पण मोडीच्या दाखल्यात मला याहून महत्त्वाचं काही दिसतं. मोडी कागद त्या दिवसापुरते होते. अमुक गावी इतका दाणा पोचता करा, तमक्याचा वसूल राहिला आहे, घोडी पाठवली. लिहिणाऱ्याला वाटलंही नसेल की हे कोणी जपून ठेवेल. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे जे खंड काढले, ते या असल्या कागदांवर उभे आहेत. इतिहास हवा असलेल्या माणसाला पोथ्यांनी जेवढं दिलं त्याच्या कितीतरी पट या चोपड्या-पत्रांनी दिलं. घाईघाईच्या, कामापुरत्या लेखनाला आपण कमी प्रतीचं मानतो आणि प्रत्यक्षात तेच टिकतं, हे दप्तरखान्यांना ठाऊक आहे. कोणत्याही जुन्या कचेरीतला संगणक सांभाळणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तात्पुरतं म्हणून लिहिलेलं स्क्रिप्ट काढायची कोणाची छाती होत नाही, कारण ते नक्की काय काय करतं हे आता कोणालाच माहीत नसतं.

भाषेच्या हुद्द्याचं म्हणाल, तर खानदेशी माणसाला हा अनुभव काही नवा नाही. आम्ही घरी अहिराणी बोलतो. ती "बोली". शाळेत मराठी, ती "भाषा". आता कागदपत्र पाहा. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ चा, सातवा. त्यात खानदेशी नाही. ती १९०७ च्या नवव्या खंडात भिल्ल भाषांच्या शेजारी बसवली आहे. जनगणनावाले खानदेशी ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजतात. २०११ मध्ये तिच्या नावावर १८ लाख ६० हजारांवर माणसं लागली, आणि त्यांतली बहुतेक आपली भाषा अहिराणी म्हणून सांगणारी. मराठीचे अभ्यासक मात्र तिला मराठीची बोली म्हणतात. व्याकरण तेच, "शे" तेच, "बठ्ठा" तेच, आणि तीन दप्तरांत तीन जागा. यातलं बरोबर कोण यात मला आत्ता शिरायचं नाही. मला दिसतं ते एवढंच की ज्यानं वर्गवारी केली त्याचं काम काय होतं यावर वर्ग ठरला. आणि एक गंमत. इंग्रजीत ज्याला स्क्रिप्ट म्हणतात त्याला मराठीत एका अर्थी लिपी म्हणतात. माणसांच्या भाषेत लिपी मिळाली की मान चढतो, स्वतःची लिपी नाही म्हणून अहिराणीला कोणीही "बोली" म्हणून टाकतं. संगणकाच्या भाषेत मात्र नावाला स्क्रिप्ट लागलं की मान उतरतो.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या आणि गाणी घरच्यांनी ऐकून टिपून ठेवली, पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये आलं, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, आणि भाषा लेवा पाटीदारांच्या घरातली. संगणकशास्त्राची पदवी ज्या कागदावर मिळते त्या कागदाच्या शिरोभागी आता हे नाव असतं. तो कागद हातात घेऊन जी मुलं माझ्याकडे येतात, त्यांच्या बोलण्यात मात्र पंक्तिभेद पक्का बसलेला असतो.

साक्रीकडची एक मुलगी आली होती. पदविका झालेली, वडील शेती करतात. तिनं तिच्या गावच्या दूध संकलनासाठी एक पान केलं होतं. फॅट टाकलं, लिटर टाकले की सभासदाच्या नावावर रक्कम जमा. मोबाइलवर चालतं, नेट गेलं तरी नोंद फोनमध्येच राहते आणि नेट आलं की वर जाते. हे सोपं काम नाही. मी विचारलं, प्रोग्रामिंग कुठं शिकलीस? ती म्हणाली, "सर, प्रोग्रामिंग मला येत नाही. नुसतं जावास्क्रिप्ट येतं." नोकरीच्या मुलाखतीतही तिनं हेच सांगितलं होतं आणि समोरच्यानं ते मान्य केलं होतं.

हे तिच्या डोक्यात आलं कुठून? पाठ्यक्रमाच्या पानावरून, असा माझा संशय आहे. महाराष्ट्राच्या तंत्रनिकेतनांत, म्हणजे जळगावच्या आणि धुळ्याच्या शासकीय तंत्रनिकेतनांतही, आय स्कीम म्हणून जो अभ्यासक्रम होता त्यात सीचा विषय "प्रोग्रामिंग इन सी", जावाचा "जावा प्रोग्रामिंग", पायथॉनचा "प्रोग्रामिंग विथ पायथॉन", आणि जावास्क्रिप्टच्या विषयाचं नाव "क्लायंट साइड स्क्रिप्टिंग लँग्वेज". बघा, पायथॉनला प्रोग्रामिंगची पदवी मिळाली. का? तिच्यात असं काय आहे जे जावास्क्रिप्टमध्ये नाही? दोघींत प्रकार आधी सांगावा लागत नाही, दोघी स्मृतीची साफसफाई स्वतः करतात, दोघी लिहिल्या लिहिल्या चालतात. हुद्द्यातला फरक इतकाच की यंत्राला शिकवण्याच्या लाटेवर स्वार होऊन पायथॉन मोठ्या पगाराच्या गावी जाऊन आली. वीस वर्षांपूर्वी तिलाही सगळे स्क्रिप्टिंगच म्हणत होते.

सी शिकवणारे माझे एक ज्येष्ठ स्नेही यावर चिडतात. त्यांचं म्हणणं असं की मेमरीचा पत्ता म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही तो प्रोग्रामर नव्हे, आणि हे सीशिवाय कळत नाही. बारावीला आमच्या बोर्डात ८०८५ मायक्रोप्रोसेसर शिकलेली मुलं निदान रजिस्टर म्हणजे काय हे सांगू शकत होती, असंही ते ऐकवतात. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. मी तर म्हणेन अर्ध्याहून जास्त. साध्या गणिती फेऱ्यांत पायथॉन सीच्या मानानं दहापट, कधी पन्नासपट मागे पडते. मोठमोठी गणितं ती झपाट्यानं करताना दिसते तेव्हा आत घाम सी आणि सी प्लस प्लसनं लिहिलेले भाग गाळत असतात. खालचा मजला कोणीतरी बांधलेला आहे, हे वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला ठाऊक असावं. पण खालचा मजला बांधणारा गवंडी आणि वर संसार मांडणारी बाई, यांतलं घर खरं कोणाचं, हा प्रश्न स्नेही विचारतात तेव्हा मला त्यांच्याशी भांडावंसं वाटतं. आधी काय शिकवावं, यावर वाद जरूर व्हावा. कशाला प्रोग्रामिंग म्हणावं, हा त्याहून वेगळा वाद आहे, आणि पहिल्याच्या आडून दुसरा जिंकण्याची सवय शिक्षकांना लागली आहे. मलाही होती.

मित्राच्या "खऱ्या" भाषेकडे परत येतो. त्याच्या सांगण्यावरून मी पावत्यांचा प्रोग्राम जावात लिहिला असता तर १८२२ क्विंटलची पावती निघाली नसती, हे खरं. गुणाकाराच्या ओळीवर तो अडला असता. पण मी तो जावात लिहिलाच नसता. जिनिंगच्या कचेरीत एक जुना संगणक, त्यावर ब्राउझर, बाकी काही टाकायची परवानगी नाही, आणि हंगाम चार दिवसांवर. त्या खोलीत जी भाषा आधीपासून बसलेली होती तीच घेतली. राजवाडे मंडळातल्या कागदांचे कारकूनही मोडीला श्रेष्ठ मानून मोडीत लिहीत नव्हते. सांडणीस्वार दारात उभा होता म्हणून लिहीत होते. माझी चूक जावास्क्रिप्ट घेण्याची नव्हती. बाहेरून आलेल्या वजनाला दारातच "तू कोण" असं विचारलं नाही, ही होती. जावानं ते माझ्याकडून विचारून घेतलं असतं, जावास्क्रिप्टनं माझ्यावर सोडलं. सोडलेलं काम करायचं असतं, हे मी शिकलो ते दिवाणजींसमोर, त्या शेतकऱ्यासमोर. तो चहा संपवून उठला, पावतीकडे बघून म्हणाला, "सर, राहू द्या ना आशीच," आणि सगळी कचेरी हसली.

दुरुस्ती एका ओळीची होती. वजन हाती आलं की आधी त्याचा आकडा करायचा, आकडा होत नसेल तर पावती काढायची नाही, लाल पट्टी दाखवायची. पुढच्या हंगामात ओलाव्याची कपात आली, मग दोन काट्यांची भर पडली, मग मोबाइलवर संदेश. मूळ पन्नास ओळींच्या सहाशे झाल्या. मध्ये एकदा मित्रानं स्वतः येऊन सगळं टाइपस्क्रिप्टमध्ये लिहून द्यायची तयारी दाखवली. टाइपस्क्रिप्ट म्हणजे मायक्रोसॉफ्टनं २०१२ मध्ये जावास्क्रिप्टला घातलेली बाळबोध वळणाची टोपी, प्रकार आधी सांगायची सोय. मला ती आवडते. पण हंगाम तोंडावर होता आणि दिवाणजी म्हणाले, चालू गाडीचं चाक काढू नका.

गेल्या कार्तिकात त्यांचा पुन्हा फोन आला. पावतीवर रुपये अक्षरी यायला हवे होते, मराठीत. मी फाइल उघडली. सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, माझ्याच हातची एक टीप होती: "तात्पुरतं. दिवाळीनंतर नीट लिहायचं." कुठल्या दिवाळीनंतर ते लिहिलं नव्हतं. अक्षरी रकमेच्या चाळीस ओळी मी खाली जोडल्या, एक कोटी सत्तावीस लाख चोपन्न हजार टाकून बरोबर येतं का ते पाहिलं, टीप होती तशी ठेवली आणि फाइल बंद केली.